तुम्ही विचारलंत म्हणून: सतरा शेकेलांचं शेत

उपासना सुटली की कुणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारतं, "देवावर भरवसा ठेवा म्हणता, पण ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?" विचारणारे नवखे नसतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, उपास, बायबल-अभ्यास सगळं झालेले असतात.

पूर्वी माझं उत्तर तयार असे: प्रार्थना वाढवा, वचन वाचा, मंडळीच्या संगतीत राहा. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि उत्तर म्हणून निरुपयोगी आहेत. पोहायचं कसं, असं विचारणाऱ्याला "पाण्याजवळ राहा" म्हणण्यातला प्रकार. आज उत्तर देतो तेही पुरं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी त्या वचनाच्या चिठ्ठीबद्दल. ३१ डिसेंबरच्या रात्री मंडळीत चिठ्ठी उचलून वर्षाचं वचन, म्हणजे बायबलातली एक ओळ, काढतात; त्यात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ असणारच. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. कॅलेंडरवर तेच, लग्नपत्रिकेवर तेच. पण ते यिर्मयानं बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना धाडलेल्या पत्रातलं वाक्य आहे, आणि त्याच्याच आधीच्या ओळीत सत्तर वर्षांची मुदत आहे. त्याआधी सूचना आहेत: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं त्या शहरासाठी प्रार्थना करा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगून टाळ्या घेतो. तो त्याच वर्षी मेला. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत येणार नव्हते. चिठ्ठीवर एवढं मावत नाही, मान्य. पण अकरावी ओळ घ्यायची आणि दहावी सोडायची, मग मार्चपर्यंत नोकरी लागली नाही की भरवसा उडाला म्हणायचं, यात वचनाची काय चूक?

माझ्या मते भरवसा शिकायचा असेल तर तीन अध्याय पुढे जावं. यिर्मया ३२. हा अध्याय मी इतक्यांदा वाचायला दिलाय की लोक कंटाळले असतील.

यहूदाच्या सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, इ.स.पू. ५८७च्या आसपास. यरुशलेमेला खास्द्यांचा, म्हणजे बाबेलच्या सैन्याचा, वेढा पडलेला. नगर पडणार असं यिर्मया उघड बोलला म्हणून राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवलेलं. त्याला देवाचा शब्द येतो, की तुझा चुलतभाऊ हनामेल येईल आणि अनाथोथचं शेत विकत घे म्हणेल. अनाथोथ यरुशलेमेपासून जेमतेम चार-पाच किलोमीटर, म्हणजे शेत वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यात. घेणारा कैदेत. असा व्यवहार आपल्याकडे कुणी आणला तर आपण सातबारासुद्धा मागणार नाही, हसून वाटेला लावू.

हनामेल खरंच येतो. आणि मग एक छोटंसं वाक्य येतं, जे वर्षानुवर्षं माझ्या नजरेतून निसटलं: तेव्हा यिर्मयाला कळलं की हा परमेश्वराचाच शब्द होता. तेव्हा, म्हणजे भाऊ दारात उभा राहिल्यावर. शब्द आला त्या क्षणी संदेष्ट्यालाही पक्की खात्री नव्हती. "देव माझ्याशी बोलला की मनाचे खेळ, हे ओळखायचं कसं?" असं विचारणाऱ्यांनी या वाक्यापाशी थांबावं.

पुढचं वर्णन थेट दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातलं वाटतं. सतरा शेकेल रुपं, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम चांदी, तराजूत तोलून दिली. खरेदीखतावर सही, साक्षीदार, मोहोर. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही त्याचा लेखनिक बारूख याच्या हाती, सगळ्यांच्या देखत. मग दोन्ही मातीच्या मडक्यात घालायच्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. कागद वाळवीनं खाऊ नये याचीही काळजी. भावना कुठे आहे? या ओळींत कुठेच नाही. तो आनंदात होता की चिडलेला, एक शब्द नाही.

भावना येते ती खत दिल्यानंतर. आधी व्यवहार, मग प्रार्थना. आणि प्रार्थना कसली, तक्रारच. तुला काहीच अशक्य नाही अशी सुरुवात करून तो शेवटी म्हणतो: वेढ्याचे मोर्चे नगराला भिडलेत, तलवार, दुष्काळ, मरी आहे, आणि तू मला म्हणतोस शेत घे! पैसे देऊन झाल्यावर हा प्रश्न विचारतोय माणूस.

म्हणून आता मी विचारणाऱ्याला उलट विचारतो: शंका असतानाही आज करता येईल असं, तुम्हाला ठाऊक असलेलं एक काम कोणतं? मोडलेल्या नात्यातला एक फोन, उसने घेतलेले पैसे परत करणं, आजाऱ्याला डबा. शंका मिटायची वाट बघू नका. "पण हा भरवसा झाला का, हे तर नुसतं कर्तव्य," असं एका अभ्यासात कुणीतरी म्हणालं होतं. आक्षेप बरोबर आहे. माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. एवढंच, की यिर्मयाच्या कृतीलाही बाहेरून पाहणाऱ्यानं मूर्खपणा म्हटलं असतं.

भरवशाचं माप किती घ्यायचं, हे मान्न्याच्या, म्हणजे रानात इस्राएल लोकांना रोज मिळालेल्या अन्नाच्या, गोष्टीत आहे. निर्गम १६: माणशी एक ओमर, आपल्या हिशेबात अंदाजे दोन लिटर. उद्यासाठी ठेवलं त्याला किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचं. पुढच्या दहा वर्षांसाठी आजच भरवसा हवा असं म्हणणारे लवकर थकतात, त्याचं कारण हेच. रोज शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राचा, एक अध्याय वाचा; मार्कानं लिहिलेल्यापासून धरलंत तर ते सोळा दिवसांत पुरं होतं. एक वही करा. तारीख, काय मागितलं, काय झालं. "काही झालं नाही" हेही लिहा, तो रकाना कोरा ठेवू नका. आपली स्मरणशक्ती उत्तरं मिळाल्याच्याच नोंदी ठेवते, नाहीतर न मिळाल्याच्याच.

तक्रार करायचा साचाही तयार आहे. स्तोत्र १३, सहाच ओव्या: पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "किती वेळ", मग मागणं, मग भरवसा. त्याच क्रमानं स्वतःचं लिहा, मोठ्यानं वाचा. तिसरा भाग आला नाही तर बळेच जोडू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, आणि तेही बायबलातच आहे.

आता जिथं माझा आवाज चढतो ते. "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटलं नाही," असं आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणू नये. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे एका जुन्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. आपला सोबती त्रफिम याला त्यानं मिलेत गावी आजारीच सोडलं. शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणं म्हणजे विश्वास नव्हे.

आणि वेळ? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. १९०७च्या साक्षीत त्या म्हणतात की आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. त्या आठ वर्षांत सिद्धान्तांवरून वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी वाद घातले, अमेरिका पालथी घातली, मार्च १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. आठ वर्षं! आपण तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र देतो.

एवढं ऐकून झाल्यावर शेवटचा प्रश्न येतो: मग यिर्मयाला शेत मिळालं का? नाही. नगर पडलं, जळलं. त्याच्याच लोकांनी पुढे त्याला मिसरात नेलं. देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील असं त्याला सांगितलं गेलं होतं, पण तो ती पेरायला राहिला नाही. आणि बारूखाकडच्या त्या मडक्याचं पुढे काय झालं, हे पुस्तकात पुन्हा येत नाही.