अंधारात उभा असलेला माणूस

नवा पिक्चर लागला की पहिला शो सुटताना मी प्रोजेक्शन रूममधून खाली येतो आणि दाराच्या बाजूला उभा राहतो. लोक बाहेर पडतानाची पहिली दोन मिनिटं फार खरी असतात. नंतर माणूस मोबाइल काढतो, सोबतच्याला विचारतो, आणि तिथून त्याचं मत दुसऱ्याच्या मतात मिसळायला लागतं.

त्या शुक्रवारी ऑडी तीनचं, म्हणजे आमच्या तिसऱ्या हॉलचं, दार उघडलं आणि पहिली पन्नासेक माणसं काही न बोलता बाहेर आली. मला वाटलं, जमलं! पिक्चर आत भिनलाय. पण पायऱ्यांपाशी येताच एकदम सगळे सुटले.

"सुपरहिरो कुठं होता यात?"

"एक तास नुसता खिडकीबाहेर बघत बसलाय तो. मी दोनदा झोपलो."

"ट्रेलरमध्ये तो पूल कोसळतो ना, तेवढाच पिक्चर आहे. बाकी सगळा अंधार."

शेवटी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे असावेत. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून थांबले. "तुम्ही इथलेच ना? मग मला एवढंच सांगा, त्या बोटीवरच्या प्रसंगात तीन मिनिटं आम्ही नेमकं काय बघत होतो?"

मी म्हणालो, "सर, पिक्चर जरा संथ आहे. त्याची लय पकडावी लागते."

"संथ चालतो हो मला. पण काही दिसू तर द्या."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं, पण नीट ऐकलं नाही. मनात म्हणालो, झालं, आणखी एकाला धीर नाही.

पिक्चरचं नाव लिहीत नाही, गोष्ट मात्र थोडी सांगायला हवी. नायक बोटीवर काम करणारा मजूर. जखमी माणसाला त्याने हात लावला की ती जखम त्याच्या अंगावर येते आणि सकाळपर्यंत नाहीशी होते. बहुतेक पिक्चर त्याला ही शक्ती नको असण्यातच जातो. मारामाऱ्या दोन, त्याही लांबून दिसणाऱ्या. पण खरी गोष्ट मागे चाललेली असते. काही प्रसंगांत पार पाठीमागे, दाराच्या चौकटीत, जिन्याखाली, बोटीच्या डेकच्या टोकाला, एक माणूस उभा असतो. त्याच्यावर प्रकाश नाही, त्याला संवाद नाही. तो नायकाचा बुडून मेलेला भाऊ. नायकाच्या अंगावरून गेलेली प्रत्येक जखम त्याच्याकडे जाते, आणि दर वेळी तो आधीपेक्षा थोडा अधिक वाकलेला दिसतो. संथ म्हणून ज्या प्रसंगांना लोक वैतागतात, नेमक्या त्या प्रसंगांत तो असतो. समोर काही घडत नाही, कारण तुम्ही मागे बघावं अशी दिग्दर्शकाची इच्छा आहे.

गुरुवारी रात्री चाचणीसाठी मी हा पिक्चर ऑडी एकमध्ये एकट्याने पाहिला होता. नऊ वेळा दिसला मला तो. बोटीवरच्या प्रसंगात तर खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसलो होतो. बारा वर्षं या कामात आहे, अशी रात्र दोन-तीनदाच आली असेल. त्यामुळे सकाळी लोकांचं बोलणं ऐकून मला राग येण्याआधी वाईट वाटलं.

वर गेलो तर आमचे काका चहा घेत बसले होते. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, रिळांच्या काळातले. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, त्यामुळे दर वीसेक मिनिटांनी एका प्रोजेक्टरवरून दुसऱ्यावर जायचं, हे त्यांच्या हातात अजून आहे. मी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. लोकांना स्फोट हवेत, शांतता सोसत नाही, वगैरे.

काकांनी शांतपणे ऐकलं आणि 'अनब्रेकेबल'चं उदाहरण दिलं. २००० सालचा. तोही संथ, करडा, कुजबुजत चालणारा सुपरहिरोचा पिक्चर. पण त्याच दिग्दर्शकाचा आदल्या वर्षीचा भुताचा पिक्चर जगभर गाजलेला, म्हणून स्टुडिओने हाही मानसशास्त्रीय थरारपट म्हणून विकला. कॉमिक्सचा उल्लेख जाहिरातीत येऊ दिला नाही. लोक एक समजून गेले आणि आत भलतंच निघालं. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांच्या हातात कार्ड देऊन त्यांच्याकडून श्रेणी घेते. तिथं त्याला सी मिळाली. पहिल्या रात्री येणारा प्रेक्षक तर हौसेनं आलेला असतो, चांगली श्रेणी द्यायलाच बसलेला असतो. त्याने सी देणं म्हणजे जवळपास नापास करणं. आणि २०११ मध्ये टाइम मासिकाने तोच पिक्चर सुपरहिरोंच्या सर्वोत्तम दहांत घेतला.

"पिक्चर तोच राहिला," काका म्हणाले. "लोक काय समजून आत बसले होते, ते बदललं."

मला हे पटलं. आमच्याही पिक्चरच्या ट्रेलरमध्ये तो पूल होता, गडगडाट होता, आणि भाऊ कुठंच नव्हता. दोष ट्रेलरचा, म्हणजे आमच्याकडे काही नाही. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा ते मला सोयीचं वाटलं.

वीस मिनिटांनी ऑडी एकचा शो सुटला. तोच पिक्चर, तेच ट्रेलर पाहून आलेले लोक. इथंही चिडलेले होतेच. एक जण तर तिकिटाचा बोळा करून फेकून गेला. पण बाकीचे जिन्यावर घोळके करून भांडत होते. "मला तो जिन्याखाली पहिल्यांदा दिसला." "अगं, त्याच्या आधीही होता, हॉस्पिटलच्या दारात!" "तो वाकत चाललाय हे लक्षात आलं का तुझ्या?" कॉलेजातल्या दोन मुली परत आत जाऊन पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या, रिकामा पडदा!

मी तिथंच थांबलो. ऑडी तीनमधून दीडशे माणसं बाहेर पडली होती. आवडला, नाही आवडला, झोप आली, पैसे परत द्या, सगळं बोलून झालं होतं. पण त्यातल्या एकाच्याही तोंडी त्या माणसाचा उल्लेख नव्हता.

काही दिसू तर द्या.

मी धावत वर गेलो. पुढच्या शोला पंचवीस मिनिटं होती. ऑडी तीनमध्ये चाचणीचा पांढरा पडदा लावला आणि लाइट मीटर घेऊन खाली हॉलच्या मधोमध जाऊन बसलो. पडद्यावरचा उजेड १४ फूट-लॅम्बर्ट असावा असं मानक आहे, ११ ते १७ पर्यंत चालतं. ऑडी एकमध्ये आदल्या रात्री मला साडेतेरा मिळाला होता. इथं मीटरवर साडेचार आला. मी मीटर झटकून परत धरला. साडेचार.

आदल्या रात्रीचा शेवटचा शो लहान मुलांच्या थ्रीडी पिक्चरचा होता. थ्रीडीसाठी लेन्ससमोर एक फिल्टर सरकतो, तो निम्म्याहून अधिक उजेड खातो. पिक्चर संपला की त्याने मोटारीवर आपोआप मागे जायचं असतं. तो अर्ध्या वाटेतही गेला नव्हता, जागच्या जागी अडकून बसला होता. थ्रीडीला वाढवलेला दिवा मात्र साध्या शोसाठी ठरल्याप्रमाणे खाली आला होता. त्यात झेनॉनचा तो दिवा आयुष्याचे तास भरत आलेला, मुळातच मंदावलेला.

सकाळी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणी विचारेल. मी स्वतःला तेच विचारलं. सकाळी मी केबिनच्या काचेतून बघितलं होतं. पडद्यावर जाहिरात चालू होती, पांढरीशुभ्र, उन्हातली. ठीक आहे म्हणून मी पुढे गेलो. भडक दृश्य थोडं मंद झालं तर डोळा सावरून घेतो, कुणाला कळतही नाही. मार बसतो तो काळोखाला. काळा आणि त्याहून जरा कमी काळा यांच्यातला जो फरक असतो, तो आधी जातो. आमच्या पिक्चरमधला तो माणूस पूर्णपणे त्या फरकात राहत होता. हॉलमध्ये उतरून एक अंधारा प्रसंग बघायला मला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत. हे माझं काम होतं.

आणि मग आवाज. साउंड प्रोसेसरवर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर असावा, पिक्चरचं मिक्सिंग त्या पातळीवर बेतलेलं असतं. ऑडी तीनचा ५ वर होता. जाहिराती कानठळ्या बसवतात म्हणून तक्रार येते, कुणीतरी खाली करतं, आणि पिक्चर सुरू झाल्यावर परत वर करायचं राहून जातं. दोन आकडे म्हणजे सुमारे साडेसहा डेसिबल. मारधाडीच्या पिक्चरला ते चालून जातं. इथं भाऊ येण्याआधी मागच्या स्पीकरमधून एक ओला श्वास ऐकू येतो, मान वळवावीशी वाटते असा. तो श्वास एसीच्या घरघरीखाली गेला होता. म्हणजे मागे बघा असं सांगणारा श्वास नाही, आणि मागे बघितलं तरी माणूस नाही. त्या दीडशे जणांनी खरोखरच दोन तास एका माणसाला खिडकीबाहेर बघताना पाहिलं होतं. कंटाळा आला म्हणाले, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

काकांनी आणि मी मिळून फिल्टर हाताने मागे ओढला, दिव्याचा करंट वाढवला. मीटरवर साडेअकरा, मग पावणेतेरा आला. फेडर ७ वर नेला, आणि जाहिरातींसाठी सर्व्हरमध्ये वेगळी पातळी बसवली, म्हणजे कुणाला हात लावायची गरजच नको. शो दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.

मॅनेजरसरांना सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले, "झालेला शो झाला. कुणाला कळलंय का?" मी म्हणालो, "सर, त्यांना कळलेलं नाही, हेच वाईट आहे. ते घरी जाऊन पिक्चर वाईट आहे म्हणून सांगणार." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग तक्रारवही मागवली. सात जणांनी नाव आणि नंबर लिहून ठेवले होते. सरांनी स्वतः फोन लावले, चूक आमची होती हे सरळ सांगितलं, आणि संध्याकाळच्या शोला बोलावलं. तिघं आले. त्यात ते पन्नाशीचे गृहस्थ होते.

मी शेवटच्या रांगेत बसलो. बोटीवरचा प्रसंग आला. नायक कठड्याला टेकलेला, पाणी, धुकं, तीन मिनिटं काही नाही. मग तो श्वास. पुढच्या रांगांमधली पाच-सहा डोकी एकदम डावीकडे वळली, आणि परत पडद्याकडे आली तेव्हा डेकच्या टोकाला तो उभा होता, पाठीत वाकलेला, पाणी निथळत असलेला. एक बाई हलकेच "आई गं" म्हणाल्या. मग हॉलभर कुणी हललं नाही.

म्हणून काही सगळ्यांना आवडला असं झालं नाही. तासाभराने एक जोडपं उठून गेलं. माझ्या पुढचा मुलगा अधूनमधून मोबाइल बघत होता. सुटल्यावर "फार ताणलाय" हे पुन्हा ऐकू आलं, "ट्रेलरने फसवलं" हेही आलं. पण सकाळी ते ऐकून जे वाटलं होतं ते आता वाटेना. या माणसांनी पिक्चर बघितला होता आणि त्यांना तो पटला नव्हता. त्यांचा तो हक्कच.

ते गृहस्थ सगळ्यात शेवटी आले, सकाळसारखेच.

"दिसला," ते म्हणाले. "बोटीवर दिसला. फार सुंदर प्रसंग आहे तो."

"मग आवडला ना?"

"नाही."

मी वाट बघत राहिलो.

"शेवटी आई येऊन सगळं बोलून दाखवते ते कशासाठी? भाऊ जखमा घेतो, भाऊ वाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इतका वेळ माझ्यावर विश्वास ठेवला आणि शेवटच्या दहा मिनिटांत काढून घेतला. त्याचा मला राग आला."

गुरुवारी रात्री आईचा तो प्रसंग मलाही खटकला होता. पिक्चरवर एवढा जीव जडला होता की मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. तसं त्यांना सांगितलं.

"किती वेळा दिसला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"मी आठ मोजले." ते बोटांवर मोजू लागले. हॉस्पिटलचं दार, जिना, बोट, बोगदा. मी लिफ्टच्या आरशातला सांगितला. ते म्हणाले, शक्यच नाही, आरशात फक्त नायकाची पाठ होती. मी म्हणालो, पाठीच्या डावीकडे, खांद्याच्या वर. त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. आम्ही पायरीवरच उभे होतो आणि लोक आमच्या बाजूने उतरत होते. माझ्या वॉकीटॉकीवर काकांचा आवाज आला, ऑडी तीन, रात्रीचा शो, सात मिनिटं.

"आधी खाली जाऊन मीटर लाव," काका म्हणाले.