वरचं शेत: मशीन तयार आहे, करार अडलाय

मंडळी, वरच्या शेतात उत्खननाचे चर पडायची तारीख पुढे गेली. उत्खनन करणाऱ्या चमूनं आम्हा मेटल डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांसाठी कराराचा मसुदा पाठवला, आणि त्यातल्या एका कलमावर सगळं अडलं. "प्रकल्पाच्या जागेवर सापडलेल्या सर्व वस्तूंवरचा मालकीहक्क आणि बक्षिसाचा हक्क मी सोडत आहे." एवढंच ते वाक्य. ते सरळ करण्यात गेला महिना गेला. आता वाट दिसतेय, म्हणून लिहायला बसलो.

मागचे भाग वाचलेल्यांना इंग्लंडच्या लिंकनशायरमधली ही परमिशन, म्हणजे परवानगीनं शोध घ्यायचं आमचं शेत, माहीत आहे. उताराच्या वरच्या अंगाला विखुरलेले डेनारियस (रोमन चांदीची नाणी), सम्राट हेड्रियनपासून सम्राज्ञी फाउस्टिनापर्यंत, नांगरानं फुटलेल्या ठेव्यासारखे पसरलेले. एफएलओ (सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकारी) बाईंकडे नोंद झाली, ठेव्यांची चौकशी करणाऱ्या कोरोनरकडे कळवून झालं, आणि त्या नोंदीमुळेच पुरातत्त्ववाल्यांना त्या शेतात रस वाटला. म्हणजे आमचीच नोंद बघून ते आले. याचा मला मनापासून अभिमान आहे.

बक्षीस सोडायला मी पहिल्यापासून तयार आहे. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट (ठेव्यांचा कायदा) आणि त्याखालची आचारसंहिता याबाबतीत स्पष्ट आहे: उत्खननात काम करणाऱ्याला शोधकाचा वाटा मिळत नाही. एरवी संग्रहालयानं ठेवा घेतला, तर मूल्यांकन समिती किंमत सुचवते आणि ती सहसा शोधक व जमीनमालक यांच्यात अर्धी-अर्धी वाटली जाते. स्टॅफर्डशायरचा ठेवा २००९ मध्ये सापडला तेव्हा ३२ लाख ८५ हजार पौंड असेच वाटले गेले. पण डिटेक्टरवाला चराच्या कडेला उभा असेल तर तो छंदिष्ट की उत्खननाचा माणूस? हे आधी लिहून ठेवलं नाही, तर पुढे भांडण ठरलेलं. म्हणून करार हवाच. माझी तक्रार मसुद्यातल्या दोन गोष्टींबद्दल होती.

पहिली गोष्ट: जे माझं नाही ते मी सोडू कसं? इंग्लंडमध्ये कायद्यानं 'ट्रेझर' न ठरणाऱ्या वस्तू, म्हणजे पितळी ब्रोच, सुटी नाणी, बकल, या जमीनमालकाच्या असतात. माझा त्यांच्यावर जो काही हक्क आहे तो मालकाशी झालेल्या बोलण्यातून येतो. त्यात आमचं शेत कसणारा शेतकरी कूळ आहे आणि जमीन एका कौटुंबिक ट्रस्टची. म्हणजे मी शंभर सह्या केल्या तरी त्या ब्रोचची मालकी संग्रहालयाकडे जाणार नाही, ट्रस्टचं हस्तांतरपत्र लागणारच. हे मी चमूच्या प्रमुखांना लिहिलं तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं. मसुदा दुसऱ्या एका प्रकल्पाचा उचललेला होता आणि तिथे जमीन स्थानिक परिषदेची होती.

दुसरी गोष्ट जास्त चिवट. आधी सापडलेले डेनारियस एकाच विखुरलेल्या ठेव्याचे मानले गेलेत. उद्या चरात आणखी चार निघाले, तर ते कायद्यानं त्याच ठेव्याचे. मग जुन्या नाण्यांवर शोधकाचा वाटा आहे, नव्यांवर नाही, आणि जमीनमालकाचा वाटा दोन्हींवर आहे. इथपर्यंत ठीक. पण मसुद्यात रेष चराच्या कडेवर आखली होती: आत प्रकल्पाचं, बाहेर छंदाचं. आणि आमच्या जुन्या नाण्यांपैकी काही अगदी त्या रेषेच्या आसपास आहेत.

आता खरी मेख. ती नाणी फोनच्या जीपीएसवर नोंदलेली आहेत. ॲप दहा आकडी ग्रिड संदर्भ देतं आणि तो वाचताना एका मीटरच्या चौकोनाचा भास होतो. प्रत्यक्षात फोन तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो, झाडांच्या कडेला आणखी. एरवीच्या नोंदीसाठी ते पुरेसं आहे. पण दोन मीटर रुंदीच्या चराची कड ठरवायला त्या नोंदी कुचकामी आहेत. शिवाय नांगर दरवर्षी माती ओढतो. या वर्षी चराच्या रेषेबाहेर असलेलं नाणं पुढल्या वर्षी रेषेच्या आत असू शकतं. अशा रेषेवर करार उभा करायचा म्हणजे त्यातच वाद पेरून ठेवायचा.

यावर क्लबातल्या एका अनुभवी बाईंनी सुचवलेला तोडगा मला इतका आवडला की त्या रात्री झोप लागेना. चराची रेष सोडून द्या, अख्खं शेत घ्या, कुंपणापासून कुंपणापर्यंत. आणि जागेऐवजी तारीख धरा. सहीच्या तारखेआधी एफएलओकडे नोंदलेलं सगळं जुन्या व्यवस्थेप्रमाणे. त्यानंतर त्या शेतात जे निघेल, चरात, मातीच्या ढिगात, कडेच्या गवतात, ते सगळं प्रकल्पाचं, शोधकाचा वाटा शून्य. प्रकल्प चालू असेपर्यंत त्या शेतात छंदाचं डिटेक्टिंग बंद. कुंपण कोणालाही दिसतं आणि नोंदीची तारीख कागदावर असते. चमूच्या प्रमुखांनी हे तत्त्वतः मान्य केलंय. ट्रस्टच्या वकिलांचं उत्तर यायचं आहे.

बदल्यात आम्ही मागितलं ते पैशाचं नाही. अहवालात शोधकांची नावं, प्रत्येक सिग्नलच्या निर्देशांकांची प्रत आमच्याकडे, आणि मातीचा ढीग तपासण्याआधी जागेवरची माती तपासायची मुभा. शेवटची मागणी माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. मूळ आराखड्यात आम्हाला फक्त ढिगावर फिरवायचं होतं. ढिगातलं नाणं कुठल्या चरातून आलं इतकंच कळतं. जेसीबीनं दहा-दहा सेंटिमीटरचा थर काढायच्या आधी प्रत्येक वेळी आम्ही जागेवर फिरलो, झेंडी लावली, आरटीकेनं (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसनं) बिंदू घेतला, तर ठेवा कुठून फुटला हे नकाशावर दिसेल. हेही मान्य झालंय! त्यांच्या चाचणीच्या पट्ट्यात खिळ्यांच्या गुरगुरीतून तुटक पण मशीन दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी येणारा उंच सूर मी पकडला आणि खालून चांदीचं नाणं निघालं, तेव्हा त्यांच्या सर्व्हेयरनं स्वतः येऊन हेडफोन मागितले. तो क्षण मी जपून ठेवलाय.

यंत्रांबद्दल थोडं. लोखंडानं भरलेल्या या मातीत देअस २ हा डिटेक्टर छोट्या कॉइलवर फार सुरेख चालतो, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारी सेटिंग) जवळजवळ शून्यावर ठेवून कानांवर विश्वास ठेवायचा. पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला डिटेक्टर) गॅरेट कंपनीचाच, चिखलात बुडवला तरी चालतो. झेंड्या मात्र ऑनलाइन स्वस्तातल्या घेऊ नका. मागवलेल्या गठ्ठ्यातल्या तारा बोटांनी वाकतात, सुकलेल्या चिकणमातीत शिरतच नाहीत.

गावाकडून विचारणा येतात, "गडावर मशीन चालेल का?" नाही. भारतात संरक्षित स्मारकांवर १९५८ चा कायदा आहे आणि तिथे एक खड्डाही गुन्हा ठरतो. स्वतःच्या शेतात किंवा घराचा पाया खणताना काही निघालं, तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवायचं. त्या कायद्यात एक गोष्ट आहे जी मला या महिन्यात पुन्हा पुन्हा आठवली. शोधक आणि जमीनमालक यांच्यात आधी करार असेल तर वाटणी कराराप्रमाणे, नसेल तर तीन चतुर्थांश शोधकाला आणि उरलेलं मालकाला. खणण्याआधी ठरवा, हे तेव्हाच सांगून ठेवलंय.

हे लिहिता लिहिता एक नवीन कल्पना डोक्यात आली आणि आता ती सोडवत नाही. १९८३ च्या वणव्यात अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्न या जुन्या रणभूमीचं गवत जळून जमीन मोकळी झाली, तेव्हा पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवक डिटेक्टरवाल्यांना ओळीत चालवून प्रत्येक सिग्नलवर झेंडी लावली आणि गोळ्या-काडतुसांच्या नकाशावरून लढाईची हालचाल मांडली. सफोकमधल्या रेंडलशॅमला चोरट्या डिटेक्टिंगनं हैराण झालेल्या जमीनमालकानंच मदत मागितली आणि २००८ पासून मोजक्या अनुभवी डिटेक्टरवाल्यांनी वर्षानुवर्षं शेतं पालथी घातली. तिथे अँग्लो-सॅक्सन राजवस्ती उभी राहिली, ती नांगरटीच्या मातीतल्या बिंदूंमधून. मग आपण चर पडायची वाट का बघायची? करारावर सह्या झाल्या की कापणीनंतर लगेच, प्रकल्पाचा भाग म्हणून, अख्ख्या शेतात दोन मीटरच्या पट्ट्यांनी चालायचं, आरटीके सोबत घेऊन. चर कुठे पाडायचे हे मग त्या नकाशावरून ठरेल. ठरलेल्या जागा हलवाव्या लागतील हे मला माहीत आहे. तरी आज रात्रीच प्रमुखांना लिहितोय.

तसं झालं तर तारखेचं कलमही बदलावं लागेल: सही चर पडण्याआधी नव्हे, चालण्याआधी. ट्रस्टची सही तोवर आली नाही, तर कापणी झाल्यावरही शेत तसंच पडून राहील आणि पेरणी झाली की हंगाम गेला. म्हणून सोमवारी मी आणि शेतकरी दोघं ट्रस्टच्या कार्यालयात जाणार आहोत, नकाशा आणि एक पानाचा सोपा मसुदा घेऊन.

कुळानं कसलेल्या जमिनीवर असा त्रिपक्षी करार कोणी केला असेल, तर कुळाच्या सहीचं कलम कसं लिहिलं ते सोमवारआधी मला पाठवा.