भिंतीवरच्या घड्याळाचा सेल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली सहा वर्षं बर्न्स वॉर्डला. भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग बदलताना काय होतं ते ज्याने एकदा बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. जुनी पट्टी पाण्याने भिजवून सोडवायची, जखम धुवायची, आणि त्याच वेळी आमचं काम, म्हणजे सांधा हलवायचा. तेव्हाच हलवावा लागतो, कारण पेशंटला ज्या पोझिशनमध्ये बरं वाटतं त्याच पोझिशनमध्ये सांधा आखडतो. कोपर भाजलं की माणूस ते दुमडून छातीशी धरतो आणि तसंच राहू दिलं तर महिन्या-दोन महिन्यात हात सरळच होत नाही, मग ऑपरेशन.

त्या मंगळवारची पोरगी 14 वर्षांची. चुलीवरून आंघोळीच्या पाण्याचं पातेलं उतरवताना निसटलं, उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत आणि छातीचा थोडा भाग. पहिले दोन दिवस ती ड्रेसिंगच्या खोलीचं दार बघूनच थरथरायची, पण नंतरची तीन ड्रेसिंग आम्ही व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यावर बांधायचा आणि मान वळवाल तिकडचं चित्र दाखवणारा जाड चष्मा, लावून केली आणि फरक मी स्वतः बघितला. पेनकिलर होतंच, ते सोडून नाही, पण त्याच्या जोडीला डोळ्यावर समुद्राच्या तळाचा व्हिडिओ आणि मी विचारत राहायचं, आता किती कासवं झाली गं? ती मोजायची. मोजता मोजता मी कोपर हळूहळू सरळ करत न्यायची. यात जादू काही नाही, वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, ते लक्षच दुसरीकडे गुंतलं तर वेदनेच्या वाट्याला कमी येतं. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी 1990च्या दशकातच भाजलेल्या पेशंटवर हे सुरू केलं, त्यांच्या 'स्नोवर्ल्ड'मध्ये पेशंट बर्फाच्या दरीतून जात बर्फाचे गोळे फेकतो आणि तेवढ्यात इकडे ड्रेसिंग होतं.

तर मंगळवारी सकाळी पोरगी टेबलावर, सिस्टर ग्लोव्हज घालून तयार, आजी दाराशी, आणि मी हेडसेट चालू केला तर समुद्राच्या जागी एक पांढरी चौकट. या डिव्हाइसचा सपोर्ट संपला आहे, लायसन्स तपासता आलं नाही. दुसरा हेडसेट काढला, तोही तसाच. दोन्ही एका ट्रस्टने दिलेले, काचा स्वच्छ, बॅटरी फुल, एक ओरखडा नाही. कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. झालं काय ते नंतर कळलं. आम्ही ते कायम वायफाय बंद ठेवून वापरायचो, आदल्या संध्याकाळी इंटर्नने चांगल्या मनाने, अपडेट राहिलं असेल तर होऊन जाऊ दे म्हणून नेटला जोडले, त्यांनी कंपनीच्या सर्व्हरला विचारलं आम्ही चालू का, आणि तिकडे उत्तर द्यायला आता कोणी नाही. मी त्या इंटर्न मुलीला काहीच बोलले नाही, तिची चूक नाहीच ती. वस्तू आपल्या हातात आणि ती चालायची परवानगी दुसऱ्याच्या हातात, हे तिला माहीत असायचं कारण काय.

टेबलावरची पोरगी मात्र हे सगळं बघत होती. तिने हात परत छातीशी ओढला आणि म्हणाली, मॅडम मग आज नको ना, उद्या करू. मी काहीतरी ठाम बोलायला पाहिजे होतं, पण मला शब्दच सुचेना.

तेवढ्यात सिस्टरना आठवलं, कपाटात खालच्या खणात तो जुना राखाडी आहे की. ऑक्युलस गो. 2018चं मॉडेल, आमच्या एका जुन्या रेसिडेंट डॉक्टरांचा, जाताना वॉर्डला ठेवून गेले. या गोची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. 2020मध्ये त्याची विक्री थांबली, त्यावर्षीनंतर नवीन ॲप येणंही बंद, म्हणजे नशीब तेच. पण तो बनवणाऱ्या फेसबुक कंपनीत (आताची मेटा) तेव्हा जॉन कारमॅक हे नावाजलेले गेम प्रोग्रामर होते, त्यांनी आतून पाठपुरावा केला आणि 2021च्या ऑक्टोबरमध्ये गोसाठी पूर्ण अनलॉक केलेली सिस्टीम सगळ्यांना मोकळी करून दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं, वीस वर्षांनी कोणाला सीलबंद डबा सापडला आणि तोवर सर्व्हर बंद झालेले असले तरी हेडसेट चालू करता यावा. डॉक्टरांच्या इंजिनियरिंगवाल्या भावाने ती सिस्टीम टाकून आपलं साधं व्हिडिओ प्लेयर बसवून दिलं होतं, ना अकाउंट ना लॉगिन. आणि ट्रस्टचे नवीन हेडसेट आले म्हणून आम्ही तो खालच्या खणात टाकला होता.

बॅटरी अर्थातच शून्य. आणि गोला लागते जुनी बारीक पिन, टाइप सी नाही. अख्ख्या वॉर्डात बारीक पिनची वायर मिळेना, सगळ्यांचे मोबाइल नवे. वॉर्डबॉय मामा खाली मेडिकलवाल्याकडे पळाले, शेवटी मिळाली ती आजींच्याच पिशवीत, त्यांचा साधा मोबाइल. पॉवर बँक लावून हेडसेट सुरू झाला तर रिमोट मेलेला. त्याला एक पेन्सिल सेल लागतो. मी स्टूल घेतलं, ड्रेसिंगच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्याचा सेल काढून रिमोटमध्ये घातला. दहा वाजून वीस मिनिटांवर काटे थांबले ते मला अजून दिसतात.

आत व्हिडिओ एकच, भावाने स्वतः काढलेला, दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट. कासवं नाहीत. मी टोपी आणि स्वच्छ कव्हर लावून हेडसेट तिच्या डोळ्यावर बसवला, वायर खांद्यामागून घेतली, आणि म्हटलं बोटीवर गाड्या किती आहेत ते सांग. दोन मिनिटं ती गप्प. मग मान डावीकडे वळली. मग म्हणाली, एक जीप आहे, तिच्यामागे टू-व्हीलर, चार, नाही पाच. मॅडम बोट एवढं वजन घेती? सिस्टरनी पट्टी भिजवायला घेतली. गोला फक्त मान वळलेली कळते, तुम्ही पुढे वाकला की मागे सरकला ते कळत नाही, म्हणून लोक त्याला जुनाट म्हणतात, पण टेबलावर पडलेल्या पेशंटला मान वळवण्यापलीकडे करायचंच काय असतं. ती ओरडली, दोनदा ओरडली, रडलीही, खोटं कशाला सांगू. पण हात तिने ओढून घेतला नाही. शेवटी मी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला. आदल्या ड्रेसिंगला कोपर सरळ व्हायला 35 अंश कमी पडत होतं, त्या दिवशी 25. कोपर सरळ धरून ठेवणारा ताजा स्प्लिंट बांधून मगच हेडसेट काढला.

रात्री मी बसून बघत होते की असं किती हेडसेटचं झालंय. गूगलचं डेड्रीम 2019ला बंद. फेसबुकच्याच, 2019लाच आलेल्या पहिल्या क्वेस्ट हेडसेटचे सिक्युरिटी पॅच 2024पर्यंतच, म्हणजे पाच वर्षं. मायक्रोसॉफ्टची हेडसेटसाठीची विंडोज मिक्स्ड रिॲलिटी सिस्टीम तर विंडोज 11च्या 24एच2 अपडेटमधून काढूनच टाकली. मला कळतं की कंपनीला कायम सपोर्ट परवडत नाही, जुना चिप, जुनी सिस्टीम, माणसं लागतात. फीचर नका देऊ. पण जाताना कुलूप तरी काढून जा ना, गोच्या बाबतीत काढलं तसं. आमच्याकडे दर तीन वर्षांनी नवीन घ्यायला बजेट नसतं, ट्रस्ट एकदा देतो आणि वॉर्ड ते दहा वर्षं चालवायच्या हिशोबाने घेतो, सक्शन मशीन चालवतो तसंच. आता कोणी हेडसेट देतो म्हटलं की मी आधी त्याचं वायफाय बंद करून, लॉगआउट करून, रात्रभर ठेवून बघणार आहे दुसऱ्या दिवशी चालतो का.

पोरगी अठराव्या दिवशी घरी गेली, स्प्लिंट चालू, व्यायाम चालू, दर सोमवारी ओपीडी. आजींची वायर परत केली आणि आम्ही तशा दोन आणून ठेवल्या.

राहिले ते दोन नवे हेडसेट. स्टोअरवाल्यांनी डेडस्टॉक रजिस्टर पाठवलं, निर्लेखनासाठी, म्हणजे यादीतून कायमचे काढून टाकायला, सही करा म्हणून. कारणाच्या रकान्यात त्यांनी आधीच 'नादुरुस्त' लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं, यंत्र चालू स्थितीत, लायसन्स बंद. स्टोअरवाले म्हणाले मॅडम असा शेरा चालत नाही, फाइल परत येईल. मी म्हटलं येऊ दे.