लोह : पुरेसे

डिचोली तालुक्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्टमध्ये त्यांची मृदा आरोग्य पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, "मॅडम, यात लोह पुरेसे लिहिले आहे. पुरेसे म्हणजे नेमके किती?" पत्रिकेवर सही माझीच होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तरी डंपची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांची, लाल माती पावसात खाली उतरायची थांबली नव्हती. त्यांचे शेत अशाच एका डंपच्या पायथ्याशी होते. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले, तेव्हा भाताच्या खालच्या पानांवर शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके उतरत आले होते. दुकानदाराने हा करपा ठरवून दोनदा बुरशीनाशक विकले होते. पान हातातही न घेता औषध देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बांधालगतच्या पाण्यावर तेलासारखा तवंग होता. तेलाचा तवंग काडीने फाडला तरी पुन्हा जुळतो. हा मात्र पापुद्र्यासारखा तुटला आणि तुकडे तसेच तरंगत राहिले. रोप उपटले, तर पांढरे मूळ एकही नव्हते, सगळी मुळे गंजलेल्या तारांसारखी. चिखलाचे ढेकूळ फोडून ओल्या बाजूवर विरघळलेले लोह दाखवणारी डायपिरिडिलची पट्टी दाबली आणि ती बघता बघता गुलाबी-लाल झाली. पाण्यात विरघळलेले, मुळांना जाळणारे लोह समोर होते.

प्रयोगशाळेत हेच लोह मला दिसले नव्हते, आणि दिसणारही नव्हते. नमुना आम्ही सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो. तोवर भाताच्या साचलेल्या पाण्यात विरघळणारे लोह हवेमुळे पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात गेलेले असते. शिवाय आम्ही लोह मोजतो ती डीटीपीए पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये मांडली ती उदासीन आणि चुनखडीयुक्त जमिनींतली कमतरता ओळखण्यासाठी. आमची जांभ्याची माती आम्लधर्मी. लोहाची मर्यादा ४.५ पीपीएम, त्याखाली 'कमी', त्यावर 'पुरेसे'. त्या नमुन्याचा सामू (पीएच) ५.२ होता आणि लोह ६२. 'अति' असा रकानाच नाही, म्हणून मीही 'पुरेसे' छापले.

लावणीनंतर चुना मातीत नीट मिसळता येत नाही आणि युरियासोबत टाकला तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते, म्हणून चुना पुढच्या सरद (खरीप) हंगामाच्या नांगरणीवर ठेवला. युरिया थांबवून पोटॅश दिले, आणि पावसाने उघडीप देताच बारीक भेगा पडेपर्यंत शेतातले पाणी काढले. बाराव्या दिवशी नवे पान स्वच्छ निघाले आणि मुळांत दोन-चार पांढरी टोके दिसली. आधीची पाने सावरली नाहीत आणि पीक निम्म्यावर आले. डोंगराकडून झिरपणारे पाणी अडवायला शेताच्या वरच्या बाजूला चर हवा, पण ती जमीन त्यांची नाही, आणि ज्यांची आहे त्यांनी शेतकऱ्याच्या अर्जाला उत्तर दिलेले नाही.

रकाना वाढवण्याची मागणी मी वर पाठवली, तेव्हा पत्रिकेचा छापील नमुना देशभर एकच असल्याचे कळवण्यात आले. आता संशयित पत्रिकांच्या समासात मी लाल शाईने लिहिते : "पाणी साचल्यावर लोह तपासा." त्या वर्षीच्या नमुन्यांची नोंदवही पुन्हा काढली आहे. तिच्यात सर्व्हे क्रमांक आहेत, पिके आहेत. शेत डंपच्या उतारावर आहे की नाही, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही.