सही करताना हात थांबला

आज शेवटी जुनी प्रॉडक्ट लाईन बंद करायच्या कागदावर सही केली. तीन महिने टाळत होतो. धंद्यातली पहिली ऑर्डर याच मालाची होती, त्यामुळे आकडे समोर दिसत असूनही जीव अडकलेला, दर मिटिंगला म्हणायचो अजून एक सीझन बघू.

सकाळी सहज गोडाऊनमध्ये गेलो तर दाराजवळच्या रॅकवर सगळा नवीन माल आणि जुने बॉक्स पार मागे भिंतीला लावलेले, वरून बोट फिरवलं तर धुळीत रेघ उमटली. गोडाऊनच्या काकांना विचारलं हे कधी हलवलं, तर म्हणाले, "दोन महिने झाले साहेब, मागणीच नाही त्याला." म्हणजे मी केबिनमध्ये बसून ज्याला घाबरत होतो ते इथे कधीच होऊन गेलं होतं! मग सांगितलं का नाही? थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुमचा जीव आहे ना त्याच्यावर." हे फार लागलं मला.

तेव्हापासून कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या इंटेलचं डोक्यात आहे. कंपनी 1968 ची, मोठी झाली मेमरी चिपवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चिपवर, मग जपानी कंपन्यांनी त्या धंद्यात पार मागे टाकलं. 1985 मध्ये कंपनीचे प्रेसिडेंट अँडी ग्रोव्ह यांनी सीईओ गॉर्डन मूरना विचारलं की आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ग्रोव्हचं म्हणणं. सोपं नव्हतं ते, 1986 मध्ये 17 कोटी डॉलरच्या वर तोटा झाला, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मग मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवर, कंपनी उभी राहिली. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कारखान्यात कुठल्या चिपला किती वेफर (ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) द्यायचे ते नफ्याच्या हिशोबाने ठरायचं, त्यामुळे खालच्या लोकांनी मायक्रोप्रोसेसरकडे आधीच वळायला सुरुवात केली होती, वरच्यांचं मन तेवढं मागे राहिलं होतं.

रिस्क घ्यायची हिंमत पाहिजेच, पण माझ्या मते आधी खालचा माणूस खरं बोलू शकेल अशी जागा पाहिजे, नाहीतर आपण अंधारात उडी मारतो आणि त्यालाच धाडस म्हणतो. आणि उडी चुकली तर लागणार कोणाला? जुन्या लाईनवरच्या दोघांना दुपारी स्वतः जाऊन सांगितलं, ईमेल नाही केला. त्यांना नवीन कामाचं ट्रेनिंग मिळेल, आणि सहा महिन्यांत जमलं नाही तर पहिला पगार माझा थांबेल, हे मिनिट्समध्ये लिहून घेतलंय. त्यातला एक जण नुसता मान हलवत राहिला, त्याची काळजी मला अजून वाटतेय, उद्या परत बोलेन.

सोमवारच्या मिटिंगला काकांनाही बोलावलंय. ते म्हणाले, "मी काय बोलणार तिथे?" म्हटलं, स्टॉकची वही घेऊन या.