स्कोप कशात आहे?

“सर, हल्ली स्कोप कशात आहे?” कोल्हापूर जिल्ह्यात आयटीआयला मशिनिस्टची पोरं शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न चुकत नाही. विचारतो बाप. पोरगा मागे मोबाईल बघत उभा असतो. आणि बापाच्या पोटातला प्रश्न वेगळाच असतो: ह्याला एमपीएससी करू दे, की कंपनीत लावू?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी भरतीचं सांगतो. २०२३ ची तलाठी भरती ४,६४४ जागांची होती आणि अर्ज आले १० लाखांवर. पुढच्या वर्षीच्या पोलीस भरतीत जागा १७ हजारांच्या घरात, अर्ज १७ लाखांहून जास्त. म्हणजे पोरगा हुशार असूनही मागे राहू शकतो, कारण जागाच नाहीत. परीक्षा देऊच नये असं मी म्हणत नाही. पण पुण्यातली खोली, मेस आणि अभ्यासिका उसाच्या बिलातून चालत असेल, तर किती वर्षं चालवायची हे पहिल्याच वर्षी घरात बसून ठरवा. तिसऱ्या वर्षी ते बोलायची कुणाची हिंमत होत नाही.

आता ‘राज्यात स्कोप’ म्हणाल, तर राज्याची सरासरी आपल्या उपयोगाची नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यातले निम्म्याहून जास्त कामकरी शेतकरी नाहीतर शेतमजूर होते, आणि राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र साधारण आठव्या हिश्श्याच्या आसपास. मोठा वाटा सेवा क्षेत्राचा, आणि ते मुंबई-पुण्याकडे एकवटलेलं. पेपरात ‘आयटीत संधी’ छापून येतं ते हिंजवडीचं असतं. आपल्या पोराला हातकणंगल्यातून कामाला जायचं असेल, तर हातकणंगल्याच्या आसपास काय बनतं ते बघायला हवं.

आपल्याकडे कास्टिंग बनतं, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग. म्हादबा मिस्त्रींसारख्या माणसांनी इथं यंत्रं घडवायला सुरुवात केली, विहिरीवरच्या ऑइल इंजिनांनी कोल्हापूरचं उद्यमनगर मोठं केलं, आणि मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले एमआयडीसीत ट्रक, ट्रॅक्टर, पंपांचे सुटे भाग व्हायला लागले. फौंड्रीतलं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातलं, मोल्डिंग (साचे करणं) आणि फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ करणं) आज बरंचसं ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार करतात. आपली पोरं ‘फौंड्री नको’ म्हणतात. त्या धगीत आणि धुळीत मी उभा राहिलोय, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्याच आवारातल्या मशीन शॉपमध्ये व्हीएमसीचा, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचा, चांगला सेटर (कामासाठी मशीन लावून देणारा) मिळत नाही म्हणून मालक फोन करत असतात, तिथंही हीच पोरं जात नाहीत.

हल्ली एक भीती नवीन आहे. इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता कास्टिंगचा धंदा बसणार. हे अर्धं खरं आहे. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, म्हणून सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही. ब्रेक, चाकाचा हब आणि हाऊसिंग (बाहेरचं कवच) लागतंच, आणि ट्रॅक्टर, अवजड ट्रक अजून बहुतेक डिझेलवरच आहेत. म्हणून मी पोरांना सांगायचो, पार्टशी लगीन लावू नका. वर्षानुवर्षं एकाच ब्लॉकवर एकच ऑपरेशन करणारा उद्या अडकेल. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं, भोकाचं माप घेणारं बोअर गेज लावून ०.०२ मिलिमीटरचा फरक पकडता येतो, प्रोग्रॅममध्ये ऑफसेट (मापातली दुरुस्ती) कुठं द्यायचा ते कळतं, त्याला पंपाची बॉडी द्या नाहीतर मोटारीचं हाऊसिंग, तो उभा राहतो. पाच वर्षं मशीनवर नुसता जॉब (घडवायचा भाग) लावून हिरवं बटण दाबलं, तर तो पाच वर्षांचा अनुभव नव्हे, हे मालकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. (माझ्या ट्रेडला मुली थोड्या आल्या. त्यातल्या बऱ्याच तपासणीच्या कामात टिकल्या आणि मुलांच्या पुढे गेल्या.)

ॲप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ पासून आहे, तरी पालक ‘हातात किती पडणार?’ एवढंच विचारतात. विद्यावेतन थोडंच असतं. कोणत्या मशीनवर उभं करणार, शिकवणारा कोण, आणि नंतर कंपनीच्या रोलवर (पटावर) घेणार की ठेकेदाराच्या, हे विचारा. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे ‘आयटीआय केलं, शिक्षण संपलं’ असं काही नाही.

जर्मनीचंही विचारतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने तिकडच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला, तेव्हापासून जास्तच. जावं की. आधी जर्मन शिकायला बसवा, आणि एजंटाच्या हातात आगाऊ पैसे देऊ नका.

तरीही ठरत नसेल तर पोराला एके दिवशी दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळी शिरोलीत पाठवा. चार-पाच वर्षं नोकरी झालेली पोरं चहाच्या गाड्यावर भेटतील. पीएफ कापतात का, सेटिंग स्वतः करता की कुणाला बोलवावं लागतं, ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर मिळतात का, हे त्यानंच विचारू दे. तुम्ही बरोबर जाऊ नका. बाप शेजारी उभा असला की ती पोरं खरं बोलत नाहीत.