आमची वाटचाल

नागपुरात बर्डीवरच्या एका खोलीत भागीदार आणि मी फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे सिग्नलच्या सेकंदाला किती वेव्ह येतात ते मोजणारी यंत्रं, दुरुस्तीला बसलो. पहिला मोठा पैसा आला तो घरी न नेता भागीदारानं जुनं रुबिडियम स्टँडर्ड, म्हणजे काउंटर ज्याच्याशी ताडून बघायचा तो अचूक फ्रिक्वेन्सीचा डबा, घ्यायला लावलं. आमची पत त्या डब्यावर उभी राहिली. पुढची वर्षं कामात गेली.

मग शहरात दुसरं दुकान उघडलं. निम्म्या दरात, त्याच दिवशी सर्टिफिकेट! अहो, ओसीएक्सओ (काउंटरच्या आतलं, छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवलेलं क्रिस्टल, ज्यावर त्याची मोजणी चालते) त्याच दिवशी ॲडजस्ट करून होतो का? प्रवासात बंद राहिलेलं क्रिस्टल ओव्हनमध्ये तापून स्थिर व्हायला वेळ घेतं. आम्ही दोन दिवस चालू ठेवतो, झाकण लावून, आणि ग्राहकाच्या रॅकमध्ये असतं तसंच आडवं. उभं केलं तरी फ्रिक्वेन्सी किंचित सरकते. पण हिंगण्याचे कारखाने एकेक करून तिकडे वळले. भाडं थकलं, भागीदार पुण्याला निघून गेला. त्याला मी दोष देत नाही, त्या दुकानाला देतो.

बुटीबोरीच्या एका कारखान्यातले क्वालिटीचे साहेब तेवढे टिकले. वरून आदेश आला म्हणून त्यांनी एक काउंटर तिकडे दिला होता. तो घेऊन ते माझ्याकडे आले. सर्टिफिकेटवर ‘ॲडजस्ट केले’ असा शेरा, आणि आत ट्रिमरवर (फ्रिक्वेन्सी जुळवायच्या स्क्रूवर), कुणी फिरवला तर कळावं म्हणून मी लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका जसाच्या तसा! दोन दिवस तापवून स्कोपवर, म्हणजे वेव्ह पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, लावला. एका चॅनलवर रुबिडियम, ट्रिगरही त्याचाच, म्हणजे त्याची वेव्ह पडद्यावर जागच्या जागी. दुसऱ्यावर काउंटरचे 10 मेगाहर्ट्झ. दहा सेकंदांत एक अख्खी वेव्ह सरकली, म्हणजे 0.1 हर्ट्झचा फरक. साहेबांच्या समोर प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं ट्रिमर केसभर फिरवला (लोखंडी पातं नुसतं जवळ नेलं तरी रीडिंग हलतं), थांबलो, पुन्हा फिरवला. शेवटी वेव्ह सरकायला शंभर सेकंद लागू लागले. अब्जात एक. साहेब घड्याळ धरून बसले होते. त्यांनी कारखान्यातले सगळे काउंटर माझ्याकडे पाठवले, आणि हिंगण्यातल्या ओळखीच्यांनाही सांगितलं. दुकान वाचलं ते त्यांच्यामुळे.

आता माझं ऐका. काउंटरचं भिंतीवरचं बटण रात्री बंद करू नका. बहुतेक चांगल्या काउंटरांत समोरचा स्विच बंद असला तरी ओव्हन तापता राहतो, तो तापताच राहू द्या. लाईट जाते तिथे यूपीएस लावा. मे महिन्यात कूलरचा झोत थेट त्यावर सोडू नका. आणि सर्टिफिकेटवर ॲडजस्ट करण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग मागून घ्या. कुणी आधीचं द्यायला कां-कूं करत असेल, तर तिथे काउंटर सोडू नका.